प्लसचा डंका आणि घरची डिस्क

‘कोरी डीव्हीडी घ्यायची तर प्लसच घ्या, मायनस जुनाट आहे,’ हा सल्ला गेली वीस वर्षं इतक्या ठामपणे दिला जातोय की त्यामागचं कारण विचारायची कुणाला गरज वाटत नाही. (प्लस म्हणजे डीव्हीडी+आर, मायनस म्हणजे डीव्हीडी-आर.) कॉम्प्युटर कळणारा भाचा तो देतो, सोसायटीतला इंजिनिअर देतो. पुण्याच्या तापकीर गल्लीतला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार मात्र ज्या प्रकारचा माल जास्त शिल्लक असेल त्याच्या बाजूनं बोलतो. दुकानदाराचं मी समजू शकतो, त्याचं गणित सरळ आहे. माझं भांडण आधीच्या दोघांशी आहे, कारण त्यांच्याकडे आकडे आहेत आणि ते आकडे खरे आहेत. आकडे खरे असले की निष्कर्ष कुणी तपासत नाही.

हे मढं आता कशाला उकरायचं, असं कुणी म्हणेल. डीव्हीडी रायटर असलेला लॅपटॉप आज दुकानात शोधून सापडत नाही, मग प्लस काय आणि मायनस काय? पण २००३ ते २०१२ या काळात लागलेली लग्नं, झालेल्या मुंजी, शाळांची गॅदरिंगं, आजोबांची पंच्याहत्तरी हे सगळं आपल्या घरांत याच डिस्कांवर आहे. कपाटातला तो डबा उघडून नव्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची वेळ आली की हाच सल्ला उलटा होऊन येतो: ‘प्लसवर राइट केलंय ना, मग टिकेल, घाई नको.’ हा दिलासा खोटा आहे, म्हणून हे मढं उकरणं भाग आहे.

आधी प्लसवाल्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. कोरी डिस्क दिसते कोरी, पण तिच्यावर कारखान्यातच एक चर पाडलेला असतो, आतून बाहेर गोल गोल जाणारा. तो अगदी सरळ नसतो, किंचित नागमोडी असतो. डिस्क किती वेगानं फिरतेय आणि आपण तिच्यावर नेमके कुठे आहोत, हे लिहिणाऱ्या लेसरला कळावं म्हणून ही सोय. मायनसमध्ये मूळ एकपट वेगाला ही नागमोडी १४०.६ किलोहर्ट्झची असते, आणि ठिकाणाचा पत्ता सांगायला दोन चरांमधल्या पट्टीवर वेगळे बारीक खड्डे पाडलेले असतात. प्लसमध्ये नागमोडी ८१७.४ किलोहर्ट्झची, आणि पत्ता तिच्यातच गुंफलेला. बारीक खड्डे वेगात निसटू शकतात, दाट नागमोडीवरून जागा अचूक कळते. लिहिणं मध्येच थांबलं तर त्याच जागेपासून पुढे जोडणं प्लसला सोपं जातं. लेसरची ताकद किती ठेवावी हे आजमावायला राखलेली जागाही प्लसवर जास्त. हे सगळं मान्य. अभियांत्रिकीचा पेपर असता तर प्लसला मी जास्त गुण दिले असते.

पण या यादीतली प्रत्येक गोष्ट लिहिण्याच्या वेळची आहे. गवंड्याचा ओळंबा भिंत चढवताना लागतो. त्या घरात पुढची तीस वर्षं राहणाऱ्याला तो कुठे ठेवलाय हेही माहीत नसतं. डिस्क एकदा लिहून झाली की प्लेअर त्या नागमोडीच्या वाटेला जात नाही, तो लिहिलेल्या खुणांचा माग काढत पुढे सरकतो. आणि त्या खुणा दोन्ही डिस्कांवर एकाच लिपीत असतात. ओरखडे आणि धूळ पचवण्यासाठी माहितीला जोडलेलं चूक-दुरुस्तीचं गणित दोन्हींत तेच, माहितीचे गठ्ठेही तेवढेच. ‘प्लसमध्ये चुकांपासून संरक्षण जास्त’ असं छातीठोक सांगितलं जातं तेव्हा ते संरक्षण पत्त्याच्या खुणांचं असतं, तुमच्या मुंजीच्या चित्रणाचं नव्हे, हे सांगायचं राहून जातं.

यावर एक चांगला प्रतिप्रश्न येतो: ओळंबा वाईट असेल तर भिंत वाकडी येणार नाही का? येईल. पण ती त्याच रात्री दिसेल. राइट करून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ची खूण केलेली असेल तर प्रोग्रॅम सगळी डिस्क परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहतो, बिघडलेली डिस्क तिथेच फेकून दुसरी घालायची, नुकसान एका डिस्कचं. घराचं खरं नुकसान त्या रात्री उत्तम वाचल्या गेलेल्या आणि दहा वर्षांनी न वाचणाऱ्या डिस्कमुळे होतं, आणि त्याबद्दल नागमोडीची वारंवारता चकार शब्द काढत नाही.

मग कोण बोलतं? रंग. एकदाच लिहिता येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक डीव्हीडीत, ती प्लस असो वा मायनस, ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेसर त्या रंगाला जागोजागी भाजतो, तेच आपलं चित्रण. उष्णता, दमट हवा आणि ऊन यांनी तोच रंग हळूहळू बिघडतो. मागचा धातूचा थर आणि दोन चकत्या चिकटवणारा डिंक यांचीही त्यात साथ असते. कुठला रंग वापरलाय, तो किती सारखा पसरवलाय, कडा नीट बंद आहेत का, यावर डिस्कचं आयुष्य ठरतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं डिस्कांवर उष्णता, दमटपणा आणि प्रकाशाचा मारा करून घेतलेल्या चाचण्या २००४ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत थॅलोसायनिन रंग आणि सोन्या-चांदीच्या मिश्रधातूचा थर असलेल्या सीडी-आर विशेष टिकाऊ ठरल्या. फरक पाडला तो रंगानं आणि धातूनं. डीव्हीडीतही रंग हाच सगळ्यात नाजूक थर आहे.

आणि हा रंग कुणाचा, हे डब्यावर लिहिलेलं नसायचं. डब्यावर असायचं विकणाऱ्याचं नाव. एकाच नावाच्या पन्नासच्या स्पिंडलमध्ये या महिन्यात तैवानचा माल, पुढच्या महिन्यात भारतातला, कधी नशिबानं जपानचा. खरा उत्पादक डिस्कवरच्या सांकेतिक नोंदीत असतो. फुकट मिळणारे लहान प्रोग्रॅम ती वाचून दाखवतात: ‘एमसीसी’ म्हणजे मित्सुबिशी केमिकल, ‘युडेन’ म्हणजे जपानची तैयो युडेन, ‘सीएमसी’ आणि ‘रिटेक’ तैवानच्या, आणि आपल्या घरांत पुष्कळदा सापडणारं ‘एमबीआय’ म्हणजे नोएडाची मोझर बेअर इंडिया. दीपक पुरी यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली ही कंपनी एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या डिस्क उत्पादकांत मोडत होती. २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली. हिनंच सिनेमांच्या डीव्हीडी ३४ रुपयांना आणि व्हीसीडी २८ रुपयांना विकून बाजार हलवला होता. त्यातून आपल्याकडे एक घोटाळा झाला. विकतची सिनेमाची डीव्हीडी आणि घरी राइट केलेली डीव्हीडी एकाच फळीवर बसल्या, आणि ‘सिनेमाची इतकी वर्षं चालतेय, मग आपली का नाही चालणार’ असं लोक धरून चालले. सिनेमाच्या डिस्कवर खड्डे साच्यातून दाबून काढलेले असतात, तिच्यात बिघडायला रंगच नसतो. या दोघींची तुलनाच होत नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर स्टुडिओवाल्यांचंही ऐकवतो. नवरा-नवरीचा फोटो छापलेलं गोल चिकट स्टिकर डिस्कवर लावून ती अल्बमच्या प्लास्टिकच्या खिशात सरकवून द्यायची, ही आपल्या लग्नांतली सर्रास पद्धत. कागद दमट हवेत फुगतो, डिस्कचा तोल जातो, डिंक ताण देतो. चिकट लेबल लावू नका, असं डिस्क जपण्याचं कुठलंही गंभीर मार्गदर्शन सांगतं. कोकणातल्या पावसाळ्यात हे स्टिकर जे करतं, ते प्लसचं चिन्ह भरून काढणार नाही.

आता प्लेअरचा प्रश्न. घरात डिस्क कशासाठी राइट होते? निम्म्या वेळा दुसऱ्याला द्यायला: मामाकडे, व्याह्यांकडे, परदेशातल्या मुलीकडे. तेव्हा ‘तिकडचा प्लेअर ही डिस्क घेईल का’ हाच पहिला प्रश्न असतो, आणि इथे इतिहास मायनसच्या बाजूनं होता. पायोनिअरनं विकसित केलेली मायनस १९९७ पासूनची. तेव्हा तिच्यावर ३.९५ गीगाबाइट मावायचे आणि ती लिहिणारं यंत्र १७,००० डॉलरच्या घरात जायचं. २००१ मध्ये पायोनिअरचीच ड्राइव्ह हजार डॉलरच्या आत आली. प्लस आर आली २००२ मध्ये. प्रत्येक डिस्क सुरुवातीलाच आपण कोण हे एका संकेतानं प्लेअरला सांगते, आणि २००२ च्या आधीच्या बऱ्याच प्लेअरना हा नवा संकेत ओळखीचा नव्हता. ते चित्रापर्यंत पोचायच्या आधीच डिस्क नाकारून मोकळे व्हायचे.

प्लसवाले इथे बिटसेटिंगचं नाव काढतात, आणि ते बरोबर आहे: प्लसवरचा तो संकेत बदलून ‘मी कारखान्यात छापलेली डीव्हीडी आहे’ असं तिच्याकडून वदवून घेता येतं. मायनसवर तो आधीच पक्का असतो, बदलता येत नाही. ही युक्ती केलेली प्लस डिस्क काही अडेल प्लेअरमध्ये मायनसपेक्षाही बरी चालायची. पण आपली वरचढ ओळख लपवल्याशिवाय जिला दारात घेत नाहीत, तिच्या वरचढपणाचं घरानं काय करायचं? शिवाय ही युक्ती काही कंपन्यांच्या ड्राइव्हमध्ये होती, काहींत नव्हती, काहींत ती मुद्दाम शोधून लावावी लागायची. कॉलनीतल्या सायबर कॅफेवाल्याकडून डिस्क राइट करून घेणाऱ्याला हे कोण सांगणार होतं?

बरं, परदेशी गेलेल्या डिस्का तिकडे चालल्या नाहीत याचा दोष तरी प्लस-मायनसकडे जातो का? आपल्याकडचं चित्रण पाल पद्धतीचं, ५७६ रेषांचं, सेकंदाला २५ चित्रांचं. अमेरिकेत एनटीएससी, ४८० रेषा, सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. तिकडचे बरेच प्लेअर पाल डिस्क घ्यायचेच नाहीत. न्यू जर्सीहून ‘बाबा, डिस्क चालत नाही’ असा फोन आला की इकडे कुणीतरी शहाणा म्हणायचा, ‘मायनसवर राइट केली असणार.’ पुन्हा प्लसवर राइट करून पाठवायची, पुन्हा न चालायची. राइट करताना एनटीएससी निवडलं असतं तर दोन्ही चालल्या असत्या.

क्षमतेची गंमतही सांगून टाकतो. दोन्हींच्या डब्यावर ४.७ गीगाबाइट लिहिलेलं असतं, पण मायनसवर ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात आणि प्लसवर ४,७०,०३,७२,९९२. वरचढ डिस्क सुमारे ७० लाख बाइटनं लहान. घरच्या वापरात यानं काही बिघडत नाही. मात्र मायनस काठोकाठ भरेल अशी तयार केलेली फाइल प्लसवर घालताना जागा अपुरी पडते, तेव्हा माणूस चक्रावतो.

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कांत मात्र प्लसला माझं मत थोडं झुकतं आहे. प्लस आरडब्ल्यू लगेच वापरायला घेता येते, फॉरमॅटिंग मागच्या मागे चालू राहतं, मधलाच भाग पुसून त्या जागी दुसरं लिहिता येतं. मायनस आरडब्ल्यू यात अवघडलेली. पण या दोघींचं भांडण सोडवताना तिसरीला कुणी विचारलंच नाही, आणि घरासाठी खरी लायक तीच होती: डीव्हीडी-रॅम.

रॅम १९९८ मध्ये आली, एका बाजूला २.६ गीगाबाइटची, प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये बसलेली. २००० पर्यंत ती ४.७ वर पोचली आणि पुढे कार्ट्रिजविनाही मिळू लागली. उजेडात धरली तर तिच्या पाठीवर बारीक चौकोनी खुणांची रांगोळी दिसते. त्या एकेका कप्प्याच्या कायमच्या पाट्या असतात, कारखान्यातच कोरलेल्या. आरडब्ल्यू डिस्कांवर साधारण हजार वेळा लिहिता येतं, असं उत्पादक सांगत. रॅमसाठी ते एक लाख वेळा सांगत. खराब निघालेला कप्पा ड्राइव्ह स्वतःच बाजूला काढते आणि राखीव कप्प्यात लिहिते. लिहिलेलं ती तिथल्या तिथे वाचून तपासतेही, म्हणून ती धीमी. आणि घरच्या रेकॉर्डरमध्ये एक चैन होती: साडेसातला सुरू झालेलं रेकॉर्डिंग चालू असतानाच आठ वाजता घरी येऊन कार्यक्रम पहिल्यापासून बघता यायचा. टीव्हीवरचं उतरवणं, जाहिराती कापणं, पुसणं, परत भरणं ही जी घरातली रोजची कामं, त्यांच्यासाठी ती बांधलेली होती.

ती मागे पडली, कारण दुसऱ्याच्या प्लेअरमध्ये ती चालत नव्हती आणि किमतीनं महाग होती. आपल्याकडच्या दुकानांत तर ती क्वचितच दिसायची. पॅनासॉनिक, हिताची आणि तोशिबा तिच्या मागे होत्या, पण घराबाहेर न चालणारी डिस्क जाहिरातीत दाखवणार काय? ‘कुठली डिस्क वरचढ’ या चर्चेत ती कधी आली नाही, आणि आली तरी ‘ती वेगळी’ म्हणून बाजूला काढली गेली. निकष घरचा ठेवला असता तर उत्तर दोन भागांत आलं असतं: ठेवायचं ते रॅमवर, द्यायचं ते मायनसवर. प्लसला त्यात अडल्यानडल्याची जागा मिळाली असती.

या लढाईनं ग्राहकाचा फायदा झाला, स्पर्धेनं किमती उतरल्या, असाही एक सूर असतो. किमती उतरल्या त्या तैवान आणि भारतातल्या कारखान्यांनी डिस्का अब्जावधींनी ओतल्यामुळे. एकच प्रकार असता तरी त्या ओतल्या गेल्याच असत्या. ग्राहकाच्या वाट्याला काय आलं? २००१ मध्ये पहिल्या पिढीच्या प्लस आरडब्ल्यू ड्राइव्ह घेतलेल्यांना पुढच्याच वर्षी आलेल्या प्लस आर डिस्का त्यांवर लिहिता येत नव्हत्या. त्या लोकांनी स्पर्धेचे गोडवे गायलेले माझ्या वाचनात नाहीत. गंमत म्हणजे सोनी आणि फिलिप्स या दोघी मायनसला मान्यता देणाऱ्या डीव्हीडी फोरमच्या संस्थापकांत होत्या, आणि प्लसच्या गोटातही पुढे होत्या. २००२ च्या उत्तरार्धात सोनीनंच दोन्ही प्रकार लिहिणारी ड्राइव्ह बाजारात आणली आणि कारखान्यांपुरतं हे भांडण तिथेच मिटलं. सल्ला देणाऱ्यांपुरतं ते अजून मिटलेलं नाही.

ब्लू-रेच्या वेळी हाच खेळ पुन्हा झाला. ब्लू-रे की एचडी डीव्हीडी, यावर रकाने भरले गेले. १९ फेब्रुवारी २००८ ला एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबानं माघार जाहीर केली आणि सगळ्यांनी निकाल लागला म्हणून टाळ्या वाजवल्या. कोऱ्या ब्लू-रे डिस्कांच्या आत मात्र दोन जाती होत्या: एचटीएल, जिच्यात रंगाऐवजी असेंद्रिय थर असतो, आणि एलटीएच, जिच्यात पुन्हा तोच सेंद्रिय रंग. डब्यावर ‘बीडी-आर’ मोठ्या अक्षरांत, ‘एलटीएच’ कोपऱ्यात. घरानं निवडायची गोष्ट ती होती. आता तीही निवड आटत चालली आहे. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कांचं उत्पादन थांबवलं.

तेव्हा डबा उघडून बसणाऱ्यानं क्रम असा लावावा. सगळ्यात आधी ८ सेंटिमीटरच्या लहान डिस्का, हँडीकॅमवाल्या. त्यांवर जेमतेम १.४ गीगाबाइट असतात, आणि त्यांतल्या कित्येक ‘फायनलाइज’ केलेल्याच नाहीत. ज्या कॅमेऱ्यानं लिहिल्या तोच त्या सरळ वाचतो, आणि तो कॅमेरा कधीचाच बंद पडलेला असतो. अशा डिस्कांवरचं चित्रण काढणारे प्रोग्रॅम आहेत. या लहान डिस्का खाचेतून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये कधीही घालू नयेत, अडकून बसतात. त्यानंतर स्टिकर लावलेल्या. स्टिकर सोलायचा प्रयत्न मात्र नको, तो डिस्कला आणखी ताण देईल. मग बिननावाच्या आणि भडक नावांच्या स्वस्त डिस्का, मग जपानी माल, आणि विकतच्या सिनेमांना शेवटी कधीही. एखादी डिस्क एका ड्राइव्हनं नाकारली तर ती मेली असं धरू नये. दुसऱ्या कंपनीची, शक्यतो जुनी, डेस्कटॉपमधली ड्राइव्ह तीच डिस्क पुष्कळदा शांतपणे वाचते. कुणाकडे रॅम निघालीच, तर ड्राइव्हच्या झाकणावर रॅमचं चिन्ह आहे ना हे बघून मगच ती उसनी आणावी.